मोत्याचे चित्र काढून मिळेल

मैत्रिणींनो, माहीम म्हटलं की तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं? बटर पेपरच्या घड्यांमधला तो पातळ पातळ हलवा, नाही तर बुधवारची सेंट मायकेल चर्चमधली गर्दी, नाही तर डिसेंबरातला मखदूमबाबांचा उरूस. बाहेरगावच्या भगिनी म्हणतील, "माहीम ना? वांद्र्याला जाताना आमची टॅक्सी तिथेच तर तासभर अडकली होती!" सगळं खरं. पण आज मी तुम्हांला ज्या माहीममधून फिरवून आणणार आहे, ते जमिनीपासून दीड-दोन फुटांवरचं माहीम आहे. म्हणजे कुत्र्याच्या डोळ्यांना दिसतं ते.

मी गेली बरीच वर्षं इथे बसून पाळीव प्राण्यांची चित्रं काढते. कुत्रे जास्त, त्याखालोखाल मांजरं, क्वचित एखादा ससा, आणि एकदा तर एका कोळीणबाईंचा तुरेबाज कोंबडा. धंदा सांगितला की समोरची बाई आधी हसते, मग आवाज खाली आणून विचारते, "कुत्र्याचं चित्र? आणि त्याचे पैसे देतात लोक?" देतात हो. कोण देतं, का देतं आणि देताना घरात काय काय ऐकून घेतं, ते पुढे येईलच. आधी जरा पाय मोकळे करू.

स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडा आणि कापड बाजाराच्या बाजूने एल. जे. रोडला लागा. इथे दुकानादुकानांतून तुम्हांला एक तरी मांजर दिसेल. धान्याच्या पोत्यावर, वहीखात्यांच्या गठ्ठ्यावर, तागा उलगडून ठेवलेल्या गादीवर. मालकापेक्षा तेच जास्त मालकासारखं बसलेलं असतं. दुकानातलं मांजर काढायला सोपं. गिऱ्हाइकांची सवय असल्यामुळे ते हलत नाही. घरातलं मांजर मात्र, त्याचं चित्र काढायला कोणी आलंय हे कळलं, की नेमकं कपाटाखाली जातं.

आता या रस्त्याचंच नाव घ्या. एल. जे. म्हणजे लेडी जमशेटजी. त्यांचं नाव अवाबाई. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती, माणसं होड्यांनी ये-जा करायची, पावसाळ्यात होड्या उलटायच्या. सरकार म्हणे पैसा नाही. तेव्हा अवाबाईंनी आपल्या पैशातून आधी एक लाख आणि पुरलं नाही म्हणून आणखी सत्तावन्न हजार रुपये दिले. १८४५ साली माहीमचा कॉजवे सुरू झाला. अट एकच होती, की येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. (आजच्या टोलनाक्यांवर ही गोष्ट पाटी लावून सांगायला हवी, पण ते असो.)

हे झालं बायकोचं. नवऱ्याचं, म्हणजे सर जमशेटजी जीजीभाईंचं, तर थेट आपल्या विषयाशी नातं आहे. १८३२ सालच्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात मोठा दंगा झाला होता, आणि तो कशावरून, तर कुत्र्यांवरून. कंपनी सरकारने बेवारशी कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि मेलेल्या कुत्र्यामागे बक्षीस लावलं होतं. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या दारातली, पाळलेली कुत्रीसुद्धा उचलायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्माचं स्थान आहे. माणूस गेल्यावर त्याच्यावर कुत्र्याची नजर पडू देण्याचा विधी त्यांच्यात आहे. ती मंडळी चिडली, दुकानं बंद झाली, दुसऱ्या जातीधर्मांचे लोकही त्यांना मिळाले. पुढे शिक्षा झालेल्यांसाठी ज्यांनी रदबदली केली त्यांत जमशेटजी होते. आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, त्यांनी आणि शेठ मोतीशहांनी मिळून भुलेश्वरचा पांजरापोळ उभा केला. तिथे आज गाईच जास्त दिसतात, म्हणून तो गाईंसाठीच काढला असं आपल्याला वाटतं. पण त्याच्या मुळाशी ही कुत्री आहेत.

त्याच जमशेटजींनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ साली चित्रकलेची शाळा निघाली. आपलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. म्हणजे बघा, माझ्या दारावरचा रस्ता बायकोच्या नावाचा, कुत्र्यांना आसरा नवऱ्याच्या पैशाचा, आणि चित्रं काढायला शिकवणारी शाळाही त्याच घरची. कुत्र्यांची चित्रं काढणारीने राहायचं तर एल. जे. रोडलाच राहावं, असं मी म्हणते ते उगीच नाही.

जे. जे.ची मुलं प्राणी काढायला शिकतात ती राणीच्या बागेत. पिढ्यान् पिढ्या तसं चाललंय. पिंजऱ्यासमोर बाकावर वही घेऊन बसायचं, आणि जनावर हललं की पान उलटायचं. या शाळेत १८६५ साली शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग, म्हणजे 'जंगल बुक'वाल्या रड्यार्डचे वडील, यांना जनावरांचं भारी वेड. हिंदुस्थानातली माणसं आणि त्यांची जनावरं यांच्यावर त्यांनी १८९१ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं. आणि तुम्हांला वाटेल जनावरांची चित्रं काढणं म्हणजे पुरुषांचं काम, तर फ्रान्समध्ये रोझा बोनर नावाची एक बाई होऊन गेली. घोड्यांचा अभ्यास करायला तिला पॅरिसच्या घोडेबाजारात जायचं असे, आणि तिथे झग्यात वावरणं अशक्य. तेव्हा बायकांनी विजार घालायला पोलिसांचा परवाना लागे. तिने तो रीतसर काढला, बाजारात उभी राहिली आणि घोडेबाजाराचं एवढं प्रचंड चित्र काढलं की १८५३ साली सगळं पॅरिस बघायला लोटलं. मला विजारीसाठी परवाना लागला नाही. सासूबाईंचा मात्र लागला होता!

त्या परवान्याचीही गंमत आहे. "चित्रं काढायचीत तर देवादिकांची काढ, कुत्र्यामांजरांची कसली?" असं त्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही. नुसतं देव्हाऱ्याकडे बघितलं. तिथे दत्ताची तसबीर होती. दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्रे. त्यांना आपण चार वेद मानतो. खंडोबाबरोबर त्याचा कुत्रा असतो. स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाच्या मागे कोण गेलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि आमच्या या रस्त्यावरच्या शीतलादेवीचं वाहन तर गाढव! मराठी घरात कुत्र्याचं पहिलं चित्र आधीच देव्हाऱ्यात लागलेलं असतं, आपण फक्त दुसरं लावतो. सासूबाई हसल्या, आणि परवाना मिळाला.

पण सगळ्या घरांतून तो इतक्या सहज मिळत नाही. आता ती गोष्ट सांगते.

मोबाइलमध्ये कॅमेरे यायच्या आधीची ही गोष्ट. एका दुपारी पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. कोणाकडून तरी पत्ता घेऊन, परळहून. चपला काढतानाच म्हणाल्या, "मी इथे आले हे घरी कोणाला माहीत नाही." मला क्षणभर कळेना, आपण चित्रकार आहोत की आणखी कोणी! त्यांनी पर्समधून पाकीट काढलं, पाकिटातून एकच फोटो. मुलाच्या मुंजीचा ग्रुप फोटो. वीस-पंचवीस माणसं, मधोमध लंगोटीतला बटू, आणि अगदी डावीकडे कडेला अर्धा कुत्रा. तोही पलीकडे बघणारा.

"ताई, एवढाच आहे हो. बारा वर्षं होता आमच्याकडे, पण त्याचा वेगळा फोटो काढावा असं कधी कोणाच्या मनातच आलं नाही. यावरून होईल का?"

मी म्हटलं, "फोटोवरून नाही होणार. तुमच्यावरून होईल. बसा."

मग मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. कान कसे होते? उजवा उभा, डावा टोकाशी मोडलेला, पाऊस यायचा असला की दोन्ही पडायचे. नाक? काळं, पण खालच्या कडेला एक गुलाबी ठिपका, भिजलेल्या साबुदाण्याएवढा. शेपूट? उजवीकडे वळायची, आणि सणाच्या दिवशी पुरणाचा वास आला की सरळ व्हायची. मिश्या? शेवटच्या वर्षी पांढऱ्या झाल्या होत्या, पण एकाच बाजूच्या. मी विचारलं, "आणि उंची?" त्या उठून उभ्या राहिल्या, उजवा हात खाली सोडला, आणि तो हात साडीच्या निऱ्यांजवळ एका जागी आपोआप थांबला. पंजा पसरलेला, खाली डोकं असल्यासारखा. मी शिवणाची टेप आणून जमिनीपासून मोजलं. एकवीस इंच. मोजून झालं तरी त्यांनी हात काढला नाही.

मैत्रिणींनो, घरात माणसं सात. कुत्रा सगळ्यांचा. मुलं त्याच्याशी खेळली, नवऱ्याने त्याला सकाळी फिरवलं, आल्यागेल्याने कौतुक केलं. पण दोन वेळा भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली कोणी? पावसात भिजून आल्यावर जुन्या लुगड्याच्या तुकड्याने पुसलं कोणी? कान दुखतो हे पहिल्यांदा कळलं कोणाला? म्हणून साबुदाण्याएवढा ठिपका त्यांनाच माहीत होता. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात हे जवळजवळ कधी चुकलेलं नाही. प्राण्याचा चेहरा ज्याने त्याला जेवायला घातलं त्याच्याजवळ असतो. फोटो असो वा नसो.

निघताना त्यांनी मला विचारलं, "हा माझा वेडेपणा तर नाही ना? ह्यांना नुसतं सुचवलं तर ते म्हणाले, माझ्या आईचा फोटो अजून मोठा करून घ्यायचा राहिलाय, आणि तू कुत्र्याचं चित्र काढून घेणार?" पैसे त्यांच्या भिशीचे होते. ते कुठे खर्च करायचे याचा अधिकार त्यांचा, हे मी सांगितलंच. पण बाईचं मन एवढ्याने भरत नाही. तिला सोबत हवी असते. म्हणून मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली साताऱ्याची. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. तिथल्या घाटावर छत्रपतींच्या घराण्यातल्या समाध्या आहेत, आणि त्यांच्यात एक कुत्र्याची आहे. शाहू महाराजांचा खंड्या. १७०७ ते १७४९ ज्यांनी साताऱ्याच्या गादीवरून राज्य केलं, ते हे शाहू. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला अशी हकीकत आहे. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि एकदा दरबारी भेटीच्या वेळी त्याला जरीचे कपडे, दागिने आणि स्वतःचं पागोटंही घातलं, असं ग्रँट डफने लिहून ठेवलंय. मी त्या बाईंना म्हटलं, "महाराजांनी पालखी दिली, तुम्ही एक चौकट देताय. कोणाच्या वेडेपणाला हसायचं?"

दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्या घरातली. जुन्या तबकड्यांवर, भोंग्यासमोर मान वाकडी करून बसलेला कुत्रा आठवतो ना? आमच्या लहानपणी त्याला 'कुत्रा छाप रेकॉर्ड' म्हणायचे. तो काही कंपनीने कल्पनेने काढलेला कुत्रा नव्हे. तो खरा कुत्रा होता, इंग्लंडमधला, निपर नावाचा. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्यांना चिमटे काढल्यासारखा चावायचा, म्हणून निपर. त्याचा मालक १८८७ साली वारला आणि कुत्रा भावाकडे आला. हा भाऊ, फ्रान्सिस बरो, चित्रकार. घरातल्या फोनोग्राफसमोर कुत्रा कान टवकारून बसतो हे त्याने पाहिलं होतं. निपर १८९५ मध्ये गेला, आणि चित्र काढलं केव्हा, तर १८९८ मध्ये. म्हणजे जगातलं सगळ्यांत प्रसिद्ध कुत्र्याचं चित्र कुत्रा गेल्यावर तीन वर्षांनी काढलेलं आहे! फोनोग्राफवाल्यांनी ते घेतलं नाही. म्हणाले, कुत्रे आमचं यंत्र ऐकत नाहीत. ग्रामोफोन कंपनी म्हणाली, यंत्र बदलून आमचं काढ, मग घेतो. त्याने जुन्या यंत्रावर नवं यंत्र रंगवलं. चित्राचे पन्नास पौंड आणि हक्काचे पन्नास पौंड मिळाले. पुढे त्याने स्वतःच्या हाताने त्याच चित्राच्या चोवीस नकला केल्या. यंत्र बदललं, पण कुत्र्याच्या मानेचा कल त्याने बदलला नाही, हे मला फार आवडतं. तो त्याला पाठ होता.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे उशीर नाही झालेला." आणि पुढल्या आठवड्यात यायचं ठरवून गेल्या. त्यांच्या चित्राकडे मी परत येईन. पण तुमच्यापैकी ज्यांच्या पायांशी आत्ता या क्षणी एखादा मोत्या किंवा मनी बसली असेल, त्यांच्यासाठी आधी थोडं कामाचं.

एक तर त्याचा फोटो आजच काढून ठेवा. आता प्रत्येकीच्या हातात कॅमेरा आहे, तरीही माझ्याकडे जे फोटो येतात ते बहुतेक वरून काढलेले असतात. डोकं मोठं, पाय बारीक, भोपळ्याला काड्या टोचल्यासारखे. तुम्ही खाली बसा, मांडी घालून. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. फार जवळ गेलात तर नाक फुगतं, म्हणून चार पावलं मागे सरून मग मोठं करा. सकाळचा उजेड, गॅलरीच्या दाराशी. फ्लॅश नको. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत मागे एक चकाकणारा पडदा असतो, फ्लॅश त्यावर आपटला की डोळे हिरवे पेटलेले येतात आणि मला आतलं काही दिसत नाही. आणि कृपा करून फोटोसाठी आंघोळ घालून, रिबिनी बांधून बसवू नका. आंघोळ घातलेला कुत्रा रुसलेला असतो.

रंगांचं म्हणाल तर काळ्या कुत्र्याला काळा रंग लावायचा नाही, हे ऐकून माझ्या ओळखीच्या सगळ्या बायका चकित होतात. नुसता काळा लावला तर कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. गडद निळा आणि तपकिरी मिसळून जो काळा होतो तो जिवंत. तसंच पांढऱ्याचं. आपल्याकडे सरसकट ज्याला पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक स्पिट्झ असतो. त्याच्या पांढऱ्यात थोडा पिवळा, सावलीत राखी-निळा, आणि लाल फरशीवर बसला असेल तर पोटाखाली चक्क गुलाबी येतो. केसांचा कल मात्र नीट बघावा लागतो. नाकावर आखूड आणि मागे वळलेले, कपाळावर भोवरा, गळ्याशी दोन बाजूंनी येऊन मिळणारे. मुलीचा भांग पाडताना आपण बघतो तसं बघायचं. आधी गडद, मग त्यावर फिका, एकेक झुबका.

मांजराचं अवघड ते डोळ्यांतच. भर दुपारी बाहुली उभी रेघ होते, संध्याकाळी वाटोळी. दुपारचा फोटो देऊन कोणी म्हणालं "हिचे डोळे इतके रागीट नव्हते हो," की मी विचारते, तुम्ही हिला कोणत्या वेळी मांडीवर घ्यायचात? उत्तर ठरलेलं. कामं आटोपल्यावर, दिवेलागणीला. मग बाहुली वाटोळी काढायची.

पोपटाच्या पिंजऱ्याचे फोटो घेऊनही कोणी कोणी येतं. त्यांना मी स्पष्ट सांगते, आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि मी पिंजरा रंगवत नाही. पाखरंच बघायची तर मी माणसांना निसर्ग उद्यानात पाठवते. माहीमची खाडी आणि धारावी यांच्या मधोमध, जिथे एके काळी मुंबईचा कचरा पडायचा, त्या ढिगाऱ्यावर हे रान उठवलंय. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्यावर झाडं आली, झाडांवर पाखरं आली.

माहीमच्या किनाऱ्यावर मात्र माझं निम्मं शिक्षण झालं. कोळीवाड्याच्या बाजूला संध्याकाळी जा. होड्या ओढलेल्या, जाळी पसरलेली, आणि प्रत्येक टोपलीमागे एक मांजर, डोळे अर्धे मिटून. कुत्री ओल्या वाळूत पोट टेकून समुद्राकडे तोंड करून बसतात. ती कोणाची नाहीत, आणि बघायला गेलं तर सगळ्यांची आहेत. आमच्या जवळच्या एका सोसायटीने असाच एक दारातला कुत्रा माझ्याकडून काढून घेतला. वर्गणी काढून! मीटिंगमध्ये दोन मजल्यांनी विरोध केला, लिफ्ट बंद आहे तिचं बघा म्हणाले, तेही खरंच होतं. पण वॉचमनने पहिले पन्नास रुपये टेबलावर ठेवले आणि मग कोणाला मागे राहता येईना. कुत्र्याने मला दहा बैठका दिल्या, प्रत्येक बैठकीला एक ग्लुकोजचा पुडा घेऊन.

आजारी जनावर घेऊन आमच्याकडची माणसं जातात ती परळला, बैलघोडा हॉस्पिटलात. त्याचं भलंमोठं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगावं लागतं. आवारातच १८८६ पासूनचं पशुवैद्यक कॉलेज आहे. तिथल्या बाकावर तासभर बसलात तर तुम्हांला दिसेल, टोपलीत मांजर, कडेवर कुत्रा, आणि घेऊन आलेल्यांत बायका किती. त्या मघाच्या बाईंचा कुत्राही तिथेच गेला होता. "डॉक्टर म्हणाले घरी घेऊन जा, तर मी म्हटलं, इथेच बसते थोडा वेळ, त्याला टॅक्सीत भीती वाटते." एवढंच त्या त्या दिवसाबद्दल बोलल्या. मीही पुढे विचारलं नाही.

त्यांचं चित्र तीन बैठकांत झालं. एरवी मी डोळे आधी काढते, कारण ते बसले नाहीत तर पुढची मेहनत फुकट. पण गेलेल्या प्राण्याचं असलं की डोळे शेवटी ठेवते, माणूस समोर बसवून. तिसऱ्या बैठकीला कान, नाक, ठिपका सगळं जागेवर होतं, डोळ्यांच्या जागा कोऱ्या. विचारलं, "कुठे बघायचा हो हा?" मला वाटलं म्हणतील, माझ्याकडे. त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "माझ्या तोंडाकडे नाही. हाताकडे." मग मी नजर किंचित खाली आणि उजवीकडे घेतली, जिथे भाकरीचा हात असेल तिथे. एकदा पापणी थोडी खाली ओढायला सांगितली, एकदा उजळ ठिपका जरा लहान. मग काही सांगितलं नाही. पदर तोंडाला लावून बसल्या. मी चहा टाकायला आत गेले.

नेताना मी त्यांना सांगितलं तेच तुम्हांलाही सांगते, कारण कोणतंही चित्र असो, मुंबईच्या हवेत बुरशी पहिली कागद खाते. काच चित्राला टेकू द्यायची नाही, मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट हवाच. चौकटीच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीपासून अर्धा इंच हवा खेळते. मोरीच्या भिंतीवर आणि पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये. जुलैत एकदा उतरवून मागची बाजू बघावी. काचेवर पाणी फवारू नका, फडकं किंचित ओलं करून पुसा. तैलचित्राला तर ओलं फडकंही नको. कापलेल्या बटाट्याने तैलचित्र स्वच्छ होतं असं कुठे कुठे सांगतात, त्या वाटेला जाऊ नका. आणि चित्र गुंडाळून न्यायचं असेल तर वर बटर पेपर घाला, हलव्यात असतो तसलाच, पण कोरा.

दोनेक महिन्यांनी त्या बाई मला दादरच्या फुलबाजारात भेटल्या. चित्र कुठे लावलं, हे मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. बाहेरच्या खोलीत नाही. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याच्या वर. कारण तो बसायचा तिथेच, ओट्याच्या टोकाशी. "आणि घरचे?" मी विचारलं. त्या शेवंतीच्या वेण्या पिशवीत भरत म्हणाल्या, "खिळा ह्यांनीच ठोकला. वाकडा लावलाय जरा. राहू दे म्हटलं."

तर यायचं असेल तर या. माहीम स्टेशनला धिम्या गाड्या थांबतात. मेट्रोने आलात तर 'शीतलादेवी मंदिर' हे स्टेशन २०२५ पासून सुरू झालंय, ते देवळाजवळच. देवीला नमस्कार करा, पलीकडे खोकलादेवी आहे, घरात कोणाला खोकला असेल तर तिलाही सांगा. फोटो असतील तर दोन-तीन आणा, नसतील तर नुसत्या या. प्राणी बरोबर आणणार असाल तर त्याची रोजची ताटली आणि बसायचं फडकं आणा, नव्या जागी त्याला धीर येतो. फक्त बुधवार सोडून या. त्या दिवशी चर्चपासून इकडे पाऊल ठेवायला जागा नसते, आणि कुत्री गर्दीला बिचकतात.